सोलापूरला गाडी आधी आली, घाट नंतर झाला

मुंबई-पुणे-सोलापूर रेल्वे म्हटलं की आपल्या डोक्यात क्रम असा असतो की आधी मुंबई-ठाणे झालं, मग कल्याण, कर्जत, मग घाट, मग पुणे आणि सगळ्यात शेवटी आपलं सोलापूर. एका सरळ ओळीत. पण तसं झालंच नाही. सोलापूरला रेल्वे आली ६ जून १८६० ला, आणि घाट चढून जाणारी गाडी सुरू झाली मे १८६३ मध्ये. म्हणजे जवळपास तीन वर्षं वर पठारावर खंडाळा-पुणे-सोलापूर असा रेल्वेचा अख्खा तुकडा एकटाच चालू होता, खाली कोकणात मुंबई ते खोपोली असा दुसरा तुकडा चालू होता, आणि मध्ये डोंगर उभा.

सोलापूरकर म्हणून मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आपल्याकडून मुंबई रेल्वेने ४५५ किलोमीटर, पण या शहराचं नशीब ठरलं ते त्यातल्या साधारण पंचवीस किलोमीटरवर, आणि तो तुकडा आपण सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये गाढ झोपेत पार करतो. म्हणून म्हटलं जरा नीट, सोप्या भाषेत लिहावं.

आधी डोंगराचं बघू. मुंबईपासून कर्जतपर्यंत जमीन जवळजवळ समुद्राच्या पातळीवरची, आणि तिथून पुढे सह्याद्री एकदम भिंतीसारखा वर जातो. वर गेलं की मग सपाट पठार, लोणावळ्यापासून पुण्याला, दौंडला, कुर्डुवाडीला, सोलापूरला, काही त्रास नाही. पलसदरीच्या आसपास उंची साधारण १९६ फूट आणि माथ्यावर २०२७ फूट. मधले १८३१ फूट, म्हणजे अंदाजे ५५८ मीटर, हा सगळा खेळ.

रेल्वेच्या आधी या भोर घाटातून रस्ता होता, १८३० साली गव्हर्नर माल्कम यांच्या काळात चाकाची गाडी जाईल असा केलेला. पण पावसाळ्यात त्याची अवस्था काय होत असेल याचा अंदाज घाटातला पाऊस पाहिलेल्या माणसाला लगेच येईल. देशावरचा कापूस बैलांच्या पाठीवर, बैलगाड्यांतून मुंबईला जायचा, वाटेत धूळ खायचा, भिजायचा, आणि पोचेपर्यंत आठवडेच्या आठवडे जायचे. इंग्रजांना रेल्वे हवी होती ती मुख्यतः यासाठी. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस पाहिजे होता आणि तिथलं कापड इकडे विकायचं होतं, शिवाय फौजा हलवायच्या होत्या. आपल्या सोयीसाठी कुणी केलं नव्हतं, ते स्पष्टच आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, या कंपनीने १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी चालवली, ते शाळेतच आपण शिकलोय. पुढच्या वर्षी कल्याण. मग १८५६ मध्ये लाईन पलसदरीवरून खोपोलीपर्यंत, म्हणजे घाटाच्या अगदी पायथ्यापर्यंत आली. आज जी कर्जत-खोपोली लोकल धावते ना, ती त्याच लाईनवर धावते. आज आडबाजूची वाटणारी ती लाईन एकेकाळी मुंबईहून पुण्याकडे जाणारी मेन लाईन होती!

आता कंपनीपुढे प्रश्न होता. घाट व्हायला कितीतरी वर्षं लागणार हे दिसत होतं, तोपर्यंत वरची सपाट जमीन रिकामी का ठेवायची? म्हणून वरचं कामही लगोलग सुरू केलं. जून १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे चालू झालं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दौंडच्या पुढे डिकसळपर्यंत. ऑक्टोबर १८५९ मध्ये बार्शी रोडपर्यंत, ते बार्शी रोड म्हणजे आपलं कुर्डुवाडी. जानेवारी १८६० मध्ये मोहोळ आणि जूनमध्ये सोलापूर. वरच्या बाजूला काम असं सपासप पुढे सरकत होतं.

पण मग ती वरची इंजिनं, डबे, रूळ, हे सगळं वर आलं कसं? इंजिनं विलायतेतून बोटीने मुंबईत उतरायची आणि रूळ तर अजून घाट चढलेले नाहीत. दुसरा मार्गच नव्हता, जुन्या घाटरस्त्याने जनावरांच्या आणि माणसांच्या जोरावर ते अवजड लोखंड वर ओढून न्यायचं. सोलापूरच्या स्टेशनात शिट्टी मारत शिरलेलं पहिलं इंजिन हे बैलांच्या वाटेने सह्याद्री चढून आलेलं होतं, हे मला फार विलक्षण वाटतं.

प्रवाशांचं पण तसंच. मुंबईहून निघालेला माणूस खोपोलीला उतरायचा, तिथून पालखी, तट्टू नाहीतर गाडी करून घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा रेल्वेत बसायचा. कापसाच्या गाठी उलट दिशेने. म्हणजे सोलापूरहून झपाट्याने खंडाळ्यापर्यंत आलेला माल तिथे उतरवून पुन्हा बैलगाडीवर.

आता घाटात रेल्वे एवढी अवघड का, हे समजून घेऊ, कारण एसटी तर दणादण घाट चढते, मग ट्रेनला काय होतं?

मोटारीचं रबरी चाक रस्त्याला धरून ठेवतं. रेल्वेचं चाक पोलादी आणि रूळही पोलादी, त्यामुळे घर्षण अगदी कमी. सपाटीवर हाच रेल्वेचा सगळ्यात मोठा फायदा, हजार टनाची गाडी ओढायला फक्त दोन-तीन टनाची ओढ पुरते. पण चढ आला की गुरुत्वाकर्षण मागे खेचतं. भोर घाटातला सगळ्यात कडक चढ आहे ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की १ मीटर वर. ऐकायला हे काहीच वाटत नाही, स्कूटरवाल्याला तर चढ आहे हे कळणार पण नाही. पण त्याच हजार टनाच्या गाडीला आता मागे खेचणारं बळ होतं हजार भागिले ३७, म्हणजे साधारण २७ टन. सपाटीच्या दहापट! आणि इंजिनाची चाकं तर त्याच गुळगुळीत रुळावर, जोर वाढवला की जागच्या जागी फिरायला लागतात.

अजून एक हिशोब करून बघा. २० डब्यांची गाडी, एक डबा साधारण २४ मीटर, म्हणजे गाडी झाली ४८० मीटर. ही गाडी ३७ ला १ च्या चढावर उभी असेल तर पहिल्या डब्यातला माणूस शेवटच्या डब्यातल्या माणसापेक्षा जवळजवळ १३ मीटर उंचावर असतो. चार मजली बिल्डिंग.

म्हणून रेल्वेला डोंगर थेट चढता येत नाही, लांबून वळसा घालत, हळूहळू उंची कमवत जावं लागतं. जीआयपीचे चीफ इंजिनिअर होते जेम्स बर्कली. आधीच्या पाहण्यांमध्ये माळशेजसारख्या दुसऱ्या घाटांचाही विचार झाला होता, पण बर्कलीने शेवटी दोन घाट नक्की केले, नाशिककडे जायला थळ घाट आणि पुण्याकडे जायला भोर घाट. भोर घाटात त्याने जी लाईन आखली तिच्यात २५ बोगदे आणि ८ मोठे दगडी पूल होते, छोट्या मोऱ्या-पूल वेगळेच.

तरीही माथ्याजवळ एका ठिकाणी गाडं अडलं. खंडाळ्याच्या खालच्या अंगाला डोंगराची सोंड अशी काही पुढे आलेली होती की गाडीला वळायला जागाच नव्हती. तिथे त्यांनी रिव्हर्सिंग स्टेशन काढलं. म्हणजे असं बघा, गाडी चढत चढत येणार आणि डोंगराच्या टोकावर सपाट जागेत जाऊन थांबणार, पुढे रूळ संपलेले. मग इंजिन सोडवायचं, दुसऱ्या टोकाला आणून जोडायचं, आणि गाडी उलट्या दिशेने दुसऱ्या लाईनवरून परत चढायला लागायची. इंग्रजी झेड काढल्यासारखं. तोवर पुढे तोंड करून बसलेला प्रवासी तिथून पुढे पाठमोरा जायचा. वळणाला जागा नाही म्हणून वळणच काढून टाकलं, किती साधी आणि किती हुशार गोष्ट आहे बघा.

धोकाही तिथेच होता. उतरताना ब्रेक लागले नाहीत तर समोर रूळ संपलेले आणि खाली दरी. म्हणून घाटासाठी वेगळी बनवून घेतलेली इंजिनं होती, त्यांना चाकावरच्या ब्रेकशिवाय थेट रुळावर दाबून घासणारे ब्रेकसुद्धा बसवलेले होते.

पण या सगळ्या इंजिनिअरिंगच्या गोष्टी सांगताना ज्यांनी हातांनी हा डोंगर फोडला त्यांच्याबद्दल दोन ओळी लिहून पुढे जाणं मला पटत नाही.

काम सुरू झालं जानेवारी १८५६ मध्ये. दगड काळा बसाल्ट, आपल्याकडे घराच्या पायाला घालतो तो. डायनामाइटचा शोध तेव्हा लागायचा होता, तो १८६७ चा, त्यामुळे सगळं काम काळ्या दारूवर. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण घालायचा, प्रत्येक घावाला पहार थोडी फिरवायची, असं इंच-इंच भोक पाडत जायचं, मग त्यात दारू ठासायची, वात लावायची आणि पळायचं. आणि जिथे कडा सरळसोट आहे, पाय ठेवायला जागा नाही, तिथे माणसांना वरून दोराला बांधून खाली सोडायचे, ते हवेत लोंबकळत दगडात भोकं पाडायचे. वात पेटवली की वरच्यांनी त्यांना ओढून घ्यायचं. हे रोजचं काम होतं. पावसाळ्यात तर घाटात काही करताच यायचं नाही, म्हणून वर्षातले आठच महिने हातात, आणि त्या आठ महिन्यांत सगळी घाई.

१८६१ च्या सुरुवातीला या एका घाटावर ४२ हजार माणसं कामाला होती. डोंगराच्या उतारावर, झोपड्यांत, धड पाणी नाही, कसलीच सोय नाही. बायका, पोरं पण तिथेच, मातीच्या पाट्या वाहायला. कॉलरा आला की झोपड्याच्या झोपड्या रिकाम्या व्हायच्या. हजारो माणसं गेली. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. देशावरच्या गावागावातून दुष्काळी भागातली माणसं असल्या कामावर जायची, आपल्या पट्ट्यातली पण असतील त्यात.

मजुरीचे पण हाल. मुख्य कॉन्ट्रॅक्टर होता फेविएल, त्याच्या खाली पोटकंत्राटदार, त्यांच्या खाली मुकादम, आणि पैसा खाली येईपर्यंत मध्येच मुरायचा. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून घाटात मोठी दंगल उसळली, त्यात एक युरोपियन माणूस मारला गेला, सरकारी चौकशी बसली. मार्च १८५९ मध्ये फेविएलने काम सोडलं. पुढच्याच वर्षी, १८६० मध्ये, रेल्वेसारख्या सार्वजनिक कामांवरच्या मजुरीच्या भांडणांसाठी सरकारला वेगळा कायदा करावा लागला. आपल्याकडे मजुरांच्या लढ्याचा इतिहास गिरण्यांपासून सांगायला सुरुवात करतात, पण त्याच्या कितीतरी आधी घाटातल्या दगडफोड्यांनी आपल्या पैशासाठी आवाज केलेला होता, हे विसरायला नको.

फेविएल गेल्यावर कंत्राट मिळालं सॉलोमन ट्रेडवेल या माणसाला. तो १८५९ च्या शेवटी इंग्लंडहून आला, आणि इथे पाय ठेवल्यावर थोड्याच दिवसांत आजारी पडून वारला. त्याची बायको अॅलिस सोबत आली होती. परका देश, नवरा गेलेला. परत जाण्याऐवजी तिने नवऱ्याचं कंत्राट स्वतःच्या नावावर पुढे चालवलं, आधी रेल्वेकडून घाटाचं काम बघणारे अॅडम्सन आणि क्लाउझर हे दोन इंजिनिअर कामावर घेतले, आणि तिच्याच काळात घाट पूर्ण झाला. १८६० च्या आसपास एवढ्या मोठ्या कामाचं कंत्राट एका बाईच्या नावावर! बर्कली मात्र १८६२ मध्येच इंग्लंडला वारला, स्वतः आखलेल्या घाटातून गाडी जाताना त्याने पाहिली नाही.

घाटात एक शिंग्रोबाचं देऊळ आहे, जुन्या रस्त्यावर. शिंग्रोबा नावाच्या धनगराने इंग्रजांना डोंगरातून वाट दाखवली, बक्षीस काय पाहिजे म्हणून विचारल्यावर देशाचं स्वातंत्र्य मागितलं, आणि इंग्रजांनी त्याला गोळी घातली, अशी आख्यायिका तिथे सांगतात. कागदोपत्री ती कितपत बसते हा भाग वेगळा, पण ज्या लोकांची नावं कुणी लिहिली नाहीत त्यांची आठवण लोकांनी अशी एका देवळात जपून ठेवली, असं मी त्याकडे बघतो.

एप्रिल १८६३ मध्ये गव्हर्नर बार्टल फ्रेअरच्या हस्ते उद्घाटन झालं आणि मे महिन्यात घाट वाहतुकीला खुला झाला. घाईची किंमत मात्र पुढे मोजावी लागली. जुलै १८६७ च्या पावसात घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. बाहेरून घडीव दगड आणि आतमध्ये कच्चं भरलेलं बांधकाम, असं निघालं.

तर आता सोलापूर. १८६३ चा मे महिना आपल्यासाठी कसला मोक्याचा होता बघा. १८६१ पासून अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिथला कापूस इंग्लंडला जायचा बंद झालेला, आणि मुंबईत कापसाचे भाव आकाशाला भिडलेले. नेमक्या त्याच वेळी घाट खुला झाला आणि सोलापूरची गाठ न उतरवता थेट बंदरात जायला लागली. त्यात सोलापूर हे शेवटचं स्टेशन. लाईन पुढे सरकून रायचूरला मद्रास रेल्वेला मिळाली ती १८७१ साली, त्यामुळे मधली जवळपास दहा वर्षं विजापूरकडचा, निजामाच्या मुलखातला, सगळ्या बाजूचा माल बैलगाड्या भरून सोलापूरला यायचा आणि इथून रेल्वेत चढायचा. पेठा वाढल्या, अडते आले, सावकार आले. तेलंगणातून पद्मशाली विणकरांची घरं येत होती, त्यांना सूत मिळायला लागलं आणि लुगडी विकायला मोठा बाजार मिळाला.

आणि १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली, सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग, मोरारजी गोकुळदासांची. त्या मिलचे साचे, बॉयलर, कोळसा हे सगळं रेल्वेशिवाय आलंच नसतं. आपण जुन्या मिलचं नाव घेतो, तिच्या भोंग्याच्या आठवणी म्हातारी माणसं अजून काढतात, पण तिचा पाया एका अर्थाने खंडाळ्याच्या खाली घातला गेला होता. मिल सुरू झाली ते वर्षही साधं नव्हतं, १८७६ ते ७८ चा तो भयंकर दुष्काळ, सोलापूर जिल्हा त्यात होरपळून निघाला. तेव्हा मुंबईहून धान्याची पोती घाट चढून याच लाईनने आली.

पुढे वाफेच्या इंजिनांनी जवळजवळ सत्तर वर्षं घाट ओढला. मग १९२९ मध्ये कल्याण ते पुणे वीज आली, आणि त्याच सुमारास नवे बोगदे पाडून लाईन सरळ वळवून घेतली, रिव्हर्सिंग स्टेशन बंद झालं. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली ती या विजेमुळेच. पण वीज आली पुण्यापर्यंत. पुण्याच्या पुढे आपल्याकडे आधी कोळसा, मग डिझेल, आणि बऱ्याच गाड्यांचं इंजिन पुण्यात बदलायचं, तो धक्का आणि तो थांबा आपल्या पिढीला चांगला आठवतो. दौंड-सोलापूरची दुसरी लाईन आणि वीज हे तर आत्ता आत्ता झालंय. घाटात तीन-तीन लाईन असताना सपाटीवर आपण कितीतरी वर्षं सिंगल लाईनवर क्रॉसिंगला ताटकळत होतो, याची खंत मला अजून आहे.

आज घाटात काय चालतं ते पण सांगतो. मुंबईहून येणारी गाडी कर्जतला थांबते आणि मागून तिला जादा इंजिनं लागतात, त्यांना बँकर म्हणतात. चढावर हातगाडीला एक जण पुढून ओढतो आणि दोघं मागून ढकलतात, तसं. सगळी इंजिनं पुढेच का लावत नाहीत? कारण मग अख्ख्या गाडीचं वजन पहिल्या एक-दोन कपलिंगवर, म्हणजे डबे एकमेकांना जोडणाऱ्या सांध्यांवर, येतं. मागून ढकललं की ताण वाटला जातो, आणि समजा कपलिंग तुटलंच तरी मागचे डबे बँकरच्या अंगावर टेकतात, दरीकडे सुटत नाहीत. लोणावळ्याला बँकर सुटतात.

उतरणं हे चढण्यापेक्षा जास्त काळजीचं. सिद्धेश्वर पहाटे घाट उतरते तेव्हा कधी जागे असाल तर बघा, मंकी हिलला, ठाकूरवाडीला गाडी विनाकारण थांबल्यासारखी वाटते, बाहेर मिट्ट काळोख, ब्रेकचा जळका वास खिडकीतून आत येतो. तो थांबा ब्रेकच्या खात्रीसाठी असतो. उतरताना वेग ताशी ३० किलोमीटर, त्याच्या वर नाही. आणि मेन लाईनच्या बाजूला ठिकठिकाणी एक आडवाट काढलेली असते, कॅच सायडिंग, ती डोंगराकडे वर चढत जाते. गाडी काबूत आहे हे कळल्यावरच पुढचा मेन लाईनचा रस्ता मिळतो, सुसाट सुटलेली गाडी त्या चढावर जाऊन आपोआप थांबावी म्हणून ही व्यवस्था.

पावसाळ्याआधी रेल्वेचे हिल गँगवाले कड्यांवर चढतात आणि सुटे झालेले दगड पहारीने उचकटून मुद्दाम खाली पाडतात, म्हणजे ते पावसात गाडीवर पडू नयेत. दीडशे वर्षांनंतरही त्याच कड्यांवर, दोर आणि पहार घेऊन. एवढं करूनही २०१९ च्या पावसाळ्यात मंकी हिलजवळ लाईन वाहून गेली आणि मुंबई-पुणे गाड्यांचं वेळापत्रक कित्येक आठवडे कोलमडलं होतं.

१० फेब्रुवारी २०२३ पासून सोलापूर-मुंबई वंदे भारत सुरू झाली, आणि ती बँकर न लावता घाट चढते. कारण तिला वेगळं इंजिनच नाही, गाडीतल्या निम्म्या चाकांना मोटारी आहेत, त्यामुळे ओढ एका जागी न राहता पूर्ण गाडीभर वाटली जाते, चाकं घसरत नाहीत आणि कपलिंगवर ताण नाही. कर्जतला बँकर जोडायचा वेळही वाचतो. साडेसहा तासांच्या आसपास मुंबई. पण सकाळी सोलापूरहून निघालेली तीच वंदे भारत लोणावळा सोडून खाली उतरायला लागली की तिलाही बाकीच्या गाड्यांसारखंच हळू, ब्रेक दाबत दाबत उतरावं लागतं, कारण चढ अजून तोच आहे, ३७ ला १.